मंदावहिनींची परतीची तारीख

सकाळपासून तुम्ही सगळे ज्या फोटोपुढे हात जोडताय, तो व्हिसासाठी काढलेला फोटो आहे.

म्हणून वहिनी त्यात एवढ्या कडक दिसतात. एरवी त्या अशा नव्हत्या.

त्यांचा एकटीचा दुसरा फोटोच घरात सापडला नाही.

काळेवाडीच्या स्टुडिओत मीच घेऊन गेले होते. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, डोक्यावरचा पदर खाली घ्या. कान दिसले पाहिजेत. आणि हसायचं नाही."

वहिनी मला म्हणाल्या, "सासऱ्यांनी जलमभर न्हाई बघितले माझे कान. आता क्यानडाचं सरकार बघनार."

काल दुपारी मंदावहिनी गेल्या. जेवून जरा आडव्या झाल्या, त्या चहाला उठल्याच नाहीत.

ओळखत नसाल तर सांगते. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची. त्यांच्या मिस्टरांच्या, अण्णांच्या, बसगाड्या चाकणच्या कंपन्यांना लागतात. मी कॉन्व्हेंटची, त्या शेतातल्या. आमचं काय जमलं, कुणास ठाऊक. संध्याकाळी खालच्या बाकावर भाजी निवडत बसायचो, एवढंच.

त्यांची एकुलती एक लेक प्राजू. हिंजवडीत नोकरी, मग लग्न, मग कॅनडा. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्या घरात यावर चर्चा होत नसते.

पण प्राजूला येता येईना. तिथली नोकरी, तिथला इन्शुरन्स.

"मग माहेर तिकडं जाईल," वहिनी म्हणाल्या.

माहेराने टुरिस्ट व्हिसासाठी अर्ज केला.

फॉर्मचं इंग्लिश माझ्याकडे आलं. परतीची तारीख कुठली लिहू, असं मी विचारलं.

"ताई, पोर अजून पोटात हाय. आत्तापासून दिस मोजायचे व्हय? आई-लेकरू दोघंबी हिंडाय-फिराय लागली की येईन."

"वहिनी, तारीख लागते."

"न्हाई. लागंल तेवढं राहीन, आसं लिवा."

अण्णाही तेच म्हणाले. मूल जन्माला यायच्या आधी त्या घरात पाळणासुद्धा आणत नाहीत. तारीख कसली टाकणार? परतीचं तिकीटही काढलं नाही.

व्हिसा नाकारला.

तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही, असं पत्रात होतं. मी मराठीत सांगितलं.

"म्हंजे आमी खोटं बोलतो, आसं म्हनत्यात का?"

"नाही हो, तसं नाही."

"मग न्हाई का म्हनत्यात?"

त्या दिवशी भाजी तशीच राहिली.

दुसऱ्या वेळी व्हिसाचा एजंट धरला आणि तो सांगेल तसं सगळं केलं. सातबारा, बँकेचे कागद आणि परतीची तारीख. वहिनींनी तारखेकडे न बघता सही केली आणि घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली.

व्हिसा आला. पासपोर्टची मुदत असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा.

वहिनी निघाल्या. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि जुन्या लुगड्यांचे मऊ तुकडे. नवीन काही नाही.

पण बाळ लांबलं. डॉक्टरांनी दिलेला दिवस गेला, वर आठवडा गेला, मग सिझेरियन झालं. मुलगी.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी वहिनींचं विमान होतं. प्राजूला अजून धड उठता येत नव्हतं.

मला व्हिडिओ कॉल आला. मागे प्राजू रडत होती.

"ताई, ही म्हनती सा महिने राहता येतंय. जावईबी म्हनत्यात. तुमी सांगा."

"खरं आहे वहिनी. तिकीट बदलायचं फक्त. त्यात काही गुन्हा नाही."

"पन आपन लिवून दिलंय ना?"

"लिहून दिलं तरी…"

"एकदा न्हाई म्हनलेत ते. आता सबूद मोडला, तर पुढल्या खेपंला दारात उभं करत्याल का? हिला दुसरं व्हईल तवा? नात शाळंत जाईल तवा?"

मी एजंटलासुद्धा लाइनवर घेतलं. "मावशी, टेन्शन नका घेऊ, राहा बिनधास्त," तो म्हणाला.

"तुमचं काय जातंय, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "लेक माझी हाय हितं."

आल्या. ठरल्या तारखेला. सव्वा महिना व्हायच्या कितीतरी आधी.

मग रोज बाकावर तेच.

"आता उठली आसंल. आता न्हाऊ घालायची येळ. कोन घालत आसंल?"

आणि पुढल्या खेपेच्या गोष्टी. पुढल्या खेपेला जाड स्वेटर. पुढल्या खेपेला पुरणयंत्र. पुढल्या खेपेला मलाही नेणार होत्या. "तुमी इंग्लिश बोला, मी पोरगी सांभाळते."

पण आधी अण्णांची बायपास झाली. मग वहिनींचंच बीपी वर गेलं. डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास सध्या नको.

प्राजूला येता येणार नव्हतं, म्हणून थांबलो नाही. तिचं वर्क परमिट रिन्यूला गेलंय. देशाबाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नाही. छोटी तिकडे, नवरा तिकडे.

काल संध्याकाळी वहिनींना न्यायच्या आधी खाली पार्किंगमध्ये ठेवलं होतं. फोन माझ्या हातात होता. प्राजूच्या मांडीवर छोटी होती. ती स्क्रीनला हात लावत होती.

"काकू, जरा जवळ धरा ना."

मी वाकून फोन वहिनींच्या चेहऱ्याजवळ धरला.

 प्राजू अगदी हळू म्हणाली,

"आई, तू परत कशाला गेलीस गं?"

आजूबाजूच्या बायकांना वाटलं, पोरगी दुःखात काहीतरी बोलतेय.

मला आणि अण्णांना कळलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पुन्हा जाता यावं म्हणून आल्या होत्या त्या. एवढंच.

मंदावहिनी, या आता. प्राजूला मी रोज फोन करेन. तुमच्यासारखं जमणार नाही, पण करेन.