कॅप्टनसाहेबांच्या मानाचं काम

त्या वर्षी आमच्या घरात इतके नारळ साठले होते की खोबऱ्याचा वास आला तरी माझं डोकं उठायचं. आमटीत खोबरं, चटणीत खोबरं, भाजीत खोबरं. शेजारणींना वाटून झाले, माहेरी सांगलीला पिशव्या भरून नेऊन झाले, तरी फडताळाखाली रास तशीच. नारळाबरोबर फेटाही यायचा. लाल, भगवा, अबोली, असले फेटे की जे साधा माणूस एरवी कधी बांधत नाही आणि ज्यांचं धड धोतरही होत नाही. आणि हे सगळं ज्या माणसाला मिळत होतं, त्याला नोकरी मात्र कुणी देत नव्हतं. लोकांना नोकरीवरून काढताना हातात नारळ देतात. आमच्या ह्यांना नोकरी लागायच्या आधीच मिळत होता.

हे लष्करात कॅप्टन होते. चीनच्या लढाईनंतर सरकारला अधिकाऱ्यांची एकदम निकड भासली आणि नुकत्याच बी.ए. झालेल्या पोरांना घाईघाईनं भरती करून घेतलं. इमर्जन्सी कमिशन म्हणायचे त्याला. पाचेक वर्षांनी निकड संपली. काहींना ठेवून घेतलं, उरलेल्यांना सांगितलं, आता घरी जा. गरज सरो आणि वैद्य मरो. आमचे वैद्य ट्रंक आणि होल्डॉल घेऊन औंधच्या बाजूला आमच्या गावी येऊन दाखल झाले.

मी काही फार घाबरले नव्हते. ह्यांचं काम रसद आणि वाहतुकीचं होतं. डोंगरातल्या रस्त्यांवरून ट्रकांची रांगच्या रांग न्यायची, वेळेवर पोचवायची, शंभरावर माणसांना खाऊ घालायचं. एवढं करणाऱ्या माणसाला सातारा-सांगलीत कुणीही घेईल, असं मला वाटायचं. मी सांगलीच्या शाळेत शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी बाई, तरी मला एवढंही कळू नये?

सल्ले मात्र रग्गड मिळाले. एकजण म्हणाला कोंबड्या पाळा, लष्करातल्या लोकांना कोंबड्या चांगल्या जमतात. का जमतात ते त्यालाही सांगता येईना. दुसरा म्हणाला पोलिसात जा. तिसरा म्हणाला टॅक्सीचं परमिट मागा. साताऱ्याच्या एका हायस्कुलात कवायत शिकवायला माणूस हवा होता. हे जाऊन भेटले. हेडमास्तर खुर्चीतून उठले, ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "कॅप्टनसाहेब, तुम्ही आमच्या पोरांकडून लेझीम करून घेणार? छे छे, आम्हाला पाप लागेल." आणि स्नेहसंमेलनाचे अध्यक्ष म्हणून या असं आमंत्रण दिलं. हे गेलेही. एक नारळ, एक अबोली फेटा.

मग माझ्या वडिलांनी सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे शब्द टाकला. त्याला वखारीवर देखरेखीला माणूस पाहिजे होता. व्यापारी मोकळ्या मनाचा होता बिचारा. तो म्हणाला, "साहेबांना हाताखाली ठेवलं तर ते आत आले की मलाच उठून उभं राहावं लागंल. नाकापेक्षा मोती जड व्हायचा." चहा पाजला, किलोभर हळकुंडं बांधून दिली आणि दारापर्यंत पोचवायला आला.

या सगळ्यात आमचे हे काय करायचे? "ठीक आहे" म्हणायचे. कुणी काहीही म्हटलं तरी, ठीक आहे. स्वतःसाठी मागायचं नाही हे त्यांना लष्करानं शिकवलं होतं की जन्मताच येत होतं, देव जाणे. जवानांच्या बुटांसाठी वरच्या साहेबाशी भांडलेला माणूस, पण "मला काम पाहिजे" हे तीन शब्द त्याच्या तोंडून सरळ निघायचे नाहीत. रोज सकाळी दाढी करायची, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचं. माझा नुसता संताप व्हायचा.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे आमचे मामंजी.

माझे सासरे हवालदार होऊन निवृत्त झालेले. मोठ्या लढाईत समुद्रापार जाऊन आले, कोटावर बिल्ले मिळवले. पण आम्ही गावकुसाबाहेरची माणसं. बिल्ले लावून आलेल्या हवालदाराला चावडीत पायरीच्या खालीच उभं राहावं लागलं. पुढं छप्पन साली आमच्या माणसांनी धम्म घेतला, घरातले देव गेले, पण चावडीची पायरी काही हलली नाही. हलली ती मुलगा अधिकारी झाला तेव्हा. रजेवर आलेल्या कॅप्टनला सरपंचांनी शाळेत झेंडावंदनाला बोलावलं आणि बापाला पुढच्या ओळीत बसवलं. त्या दिवशी घरी येऊन ते मला म्हणाले होते, "सूनबाई, आज मला खुर्ची दिली." इतकंच म्हणाले आणि मागच्या दारी निघून गेले.

म्हणून मी त्यांच्यापुढं फार बोलायची नाही. पण दारी आलेलं प्रत्येक काम ते परस्पर परतवून लावायचे. एसटीच्या डेपोत जागा आहे असं कुणी सांगत आला की ओट्यावरूनच गर्जना, "क्याप्टन हाय त्यो! तिकिटं फाडाया न्हाई शिकला." सरकारनं आपल्या मुलाला मोठ्या कामगिरीसाठी राखून ठेवलंय, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. कसली कामगिरी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पावसाळा सरता सरता बातमी आली की सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात यार्डावर माणूस हवा आहे. ऊस घेऊन येणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रक रांगेला लावायचे, वजनकाट्यावर सोडायचे, कुणाचा ऊस वाळून जाऊ द्यायचा नाही, भांडणं मिटवायची. ह्यांनी ते ऐकलं आणि कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी पाहिली. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघा ओढून मला दाखवायला लागले, गाड्या इकडून आत, रिकाम्या तिकडून बाहेर. "हे मला जमेल गं," म्हणाले. एवढं मोठं वाक्य ते स्वतःबद्दल कधी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या चेअरमनना भेटायला गेले. संध्याकाळी परत आले ते चेहरा पाडून.

"काय झालं?"

"हंगामाची पहिली मोळी मी टाकायची. प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय."

"आणि काम?"

"ते म्हणाले, बैलगाड्या हाकणं तुमच्या मानाचं नाही."

मी हातातली पळी आपटली. गळीत हंगाम सुरू करताना गव्हाणीत, म्हणजे कारखान्याच्या ऊस गिळणाऱ्या तोंडात, उसाची पहिली मोळी टाकायचा मान हा आमच्या भागात मोठा मान. आमदाराला मिळतो, महाराजाला मिळतो. यार्डातली जागा मात्र चेअरमनच्या मेव्हण्याच्या मेव्हण्यासाठी राखलेली होती, हे मला आमच्या ओळखीच्या एका मुकादमानं आधीच सांगितलं होतं. फेटा बांधायला नात्यातला लागत नाही, नोकरीला लागतो. एवढी साधी गोष्ट ह्या बापलेकांना दिसत नव्हती. मामंजी तर कोट उन्हात घालून बिल्ले घासायला बसले.

मोळीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मंडप, कर्णे, तोरणं, पंचक्रोशीतली माणसं. ह्यांना पुन्हा फेटा, या वेळी गुलाबी. मामंजी पहिल्या ओळीत, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. चेअरमननी माइकवरून लष्कराचं, देशाचं आणि शिस्तीचं इतकं गुणगान केलं की मलाही क्षणभर वाटलं, आता यार्डाचं नाव काढतील. कुठलं काय! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. ह्यांनी गव्हाणीत मोळी टाकली, भोंगा वाजला, टाळ्या झाल्या. यार्डात गाड्यांचा नुसता चिखल झाला होता. बैल एकमेकांत अडकलेले, गाडीवान एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते. हे मंचावरून मान वळवून सारखे तिकडं बघत होते. फेटा डोक्यावर आणि जीव सगळा त्या गाड्यांत.

तेवढ्यात चेअरमनच्या बायको माझ्या पुढ्यात आल्या. थोराड, खणखणीत बाई. हातात खण आणि नारळ.

"पदर पुढं करा, साहेबीणबाई."

माझ्या डोळ्यांपुढं फडताळाखालची रास आली. मी पदर काही पुढं केला नाही.

"बाई, राग मानू नका," मी म्हटलं. "नारळ माझ्या घरी पोतंभर आहेत. मला नारळ नको. ह्यांना त्या यार्डात जागा द्या."

बाई आधी हसल्या. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायच्या थांबल्या. माझा आवाज मुळात बारीक नाही, त्यात चिडलेला. पहिल्या ओळीपर्यंत तो सहज गेला असणार. मामंजींनी मान वळवली नाही, पण त्यांचे गुडघ्यांवरचे हात आवळले गेलेले मला दिसले.

चेअरमनबाईंनी तिथूनच नवऱ्याला हाक मारली. "आवं, जरा हिकडं या. ह्यांचं काम का करत न्हाई?"

चेअरमन आले. "अगं, कॅप्टनसाहेबांच्या मानाचं काम नको का? लोक काय म्हणतील?"

"मानाचं आम्ही बघून घेऊ," मी म्हटलं. "तुम्ही पगाराचं बघा."

"घ्या की वं," बाई म्हणाल्या. "ती गाड्यांची दशा बघा. तुमच्या त्या पावण्याला गाढव बी बांधता येत न्हाई."

चारचौघांत बायकोनंच मेव्हण्याचा मेव्हणा काढला म्हटल्यावर चेअरमन काय बोलणार? हसण्यावारी नेत म्हणाले, "बरं, हंगामापुरतं बघू." ह्यांनी मंचावरून उतरून ते ऐकलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा "ठीक आहे" न म्हणता म्हणाले, "कधीपासून येऊ?"

परतीच्या एसटीसाठी थांब्यावर उभे होतो. हे यार्डातच राहिले होते, मी आणि मामंजी दोघंच. ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "पोरी, तू पोटाचं बघितलंस. बरं केलंस. पण त्यो वर बसत हुता म्हणून मला खुर्ची मिळत हुती. आता त्यो गाडीवानांत हुबा ऱ्हाणार. मग मी कुठं बसू?"

मला भडभडून आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. रागच आधी बाहेर पडला. "मामंजी, ते ह्यांना वर बसवत होते ते खाली काम द्यायचं नव्हतं म्हणून. फेटा बांधला की माणूस मागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तुमच्या मुलानं मागितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खुर्ची काढून घेतली असती."

एसटीत ते पुढं बसले, मी मागं.

ह्यांना कारखान्याच्या चाळीत एक खोली मिळाली आणि मीही तिथं राहायला गेले. गळ्यात शिट्टी, पायांत जुने बूट, दिवसभर धूळ आणि उसाचा चिवट वास. गाडीवान "ए मुकादम" म्हणून हाक मारायचे आणि हे ओ द्यायचे. घसा बसायचा, पण रात्री जेवताना बोलायचे. कुणाचा बैल लंगडतोय, कुठल्या रांगेत भांडण लागलं, काट्यावर कोण घुसखोरी करतं. माझे कान किटायचे, पण मी गप्प ऐकायची.

जानेवारीत मी ज्वारी आणायला गावी गेले होते. मामंजी ओट्यावर बसले होते, माझ्याशी कामापुरतं बोलत होते. दुपारी सरपंच आणि शाळेचे मास्तर आले. झेंडावंदनाला कॅप्टनसाहेब पाहिजेत म्हणाले.

"त्यो कामावर हाय," मामंजी म्हणाले.

"एक दिवस यील की."

"न्हाई येत. हंगाम हाय. गाड्या खोळंबत्यात."

सरपंचांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर म्हणाले, "मग औंधचे डॉक्टर बघूया?" सरपंचांनी मान हलवली, "बरं मग, येतो" म्हणाले आणि दोघं निघाले. तुम्ही तरी या, असं त्यांनी म्हटलं नाही. दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. मामंजी ते वळणापर्यंत जाईस्तोवर बघत राहिले. बहुतेक ते परत वळून म्हणतील अशी वाट बघत असावेत. मी आत चुलीपाशी होते, मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. मला त्या दोघांच्या मागं धावत जाऊन चार शिव्या हासडाव्याशा वाटल्या.

बऱ्याच वेळानं ते आत आले आणि भिंतीला टेकून बसले.

"किती गाड्या असत्यात गं तितं?"

"कधी कधी पार रस्त्यापर्यंत रांग जाते."

"आन् समद्या त्याच्या शिट्टीवर हलत्यात?"

"त्यांच्याच."

त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, भांडं खाली ठेवलं.

"मग सकाळच्या यष्टीला मी बी येतो तुझ्यासंगं. बघू तरी, पोरगं काय करतंय."