नेलपॉलिश शाबूत होतं

"मॅडम, तुमचा ड्राइव्ह नाचतोय! जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठीक करा, नाहीतर पॅनल उचलून न्या," डोंबिवली एमआयडीसीतल्या कापड रंगवायच्या कारखान्याचे मॅनेजर भोईरसाहेब मला दारातच म्हणाले.

खरंच नाचत होता. स्पीडचा काटा वरखाली, वरखाली. याला आम्ही हंटिंग म्हणतो. मोटरचा वेग एकसारखा राहत नाही आणि कापडावर रंगाचे पट्टे उमटतात. त्यात माल एक्सपोर्टचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये शिरीष आणि मी, दोघांनीच डीसी मोटरचे ड्राइव्ह, म्हणजे वेग सांभाळणारी पॅनलं, बनवायला सुरुवात केलेली. विकला गेलेला हा पहिलाच. तो परत आला असता तर एमआयडीसीत आम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं.

"अहो, ते पॉट फिरवा ना जरा!" साहेब मागे उभेच.

पॉट म्हणजे ट्यूनिंगचे छोटे स्क्रू. सेटिंग झालं की मी त्यांवर नेलपॉलिशचा थेंब टाकायचे. कुणी फिरवलं की तो तडकतो. टॉर्च मारला. एकही तडकलेला नव्हता!

"साहेब, ट्यूनिंग होतं तेच आहे. मशीनमध्ये काहीतरी बदललंय."

"काऽही बदललेलं नाही!"

मोटरच्या मागे टॅको असतो. तो वेग मोजून ड्राइव्हला कळवतो. मशीन बंद करून मी टॅकोच्या वायरी सोडवल्या आणि ड्राइव्हला मोटरच्या व्होल्टेजवरून वेग ओळखायला लावलं. स्टार्ट! काटा चढला आणि थांबला. एकदम गप्प! मी तिथेच टाळी वाजवली.

म्हणजे टॅको खोटं बोलत होता. कव्हर उघडलं तर त्याला मोटरच्या दांड्याशी जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू ढिला. कपलिंग घसरलं की टॅको वेग कमी सांगायचा, आणि ड्राइव्ह बिचारा मोटर पळवायचा; पकड बसली की परत हळू करायचा.

"इथे कुणी हात लावलेला?"

"परवा मोटरचं बेअरिंग बदललं," साहेब म्हणाले. "पण ते मेकॅनिकलचं काम. तुम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना कशाला सांगायचं?"

मी कपाळावर हात मारला. स्क्रू आवळला, टॅको परत जोडला. कापड एकरंगी निघायला लागलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

"म्हणजे ड्राइव्ह चांगलाच होता?"

"होता."

"मग सकाळपासून काय करत होतात?"

"तेच सिद्ध करत होते."

साहेब हसले नाहीत, पण दुसऱ्या लाइनचा ड्राइव्हही त्यांनी आम्हालाच बनवायला सांगितला. तेव्हापासून साइटवर पाय ठेवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: मेकॅनिकलवाल्यांनी काय काय खोललेलं?