रबर डिझेलमध्ये मी धुतलं

नऊ वर्षांपूर्वी माझ्या जीपचे ब्रेक गेले आणि दोष तिचं काम करणाऱ्या मिस्त्रींवर आला. दोष माझा होता. बीदरमध्ये जुन्या लष्करी गाड्या सांभाळणारे आम्ही सात-आठ जण आहोत. आमच्यात ती गोष्ट इतकी वर्षं चुकीची सांगितली गेली आणि मी ती सांगू दिली. म्हणून हे लिहितो आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती जीप घेतली. लष्करानं लिलावात काढल्यावर ती दोन-तीन मालकांकडे फिरली होती आणि प्रत्येकानं आपला रंग तिच्यावर चढवला होता. मिस्त्री नि मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन् महिने ते रंग घासत होतो. एके दिवशी पिवळ्याखाली लाल, लालखाली निळा आणि निळ्याखाली मूळचा मळकट हिरवा लागला. त्यावर लष्करी नंबरातला पांढरा बाण आणि चार आकडे. मिस्त्री दोन पावलं मागं सरून म्हणाले, "घ्या सर, बाईचं माहेर सापडलं."

मिस्त्री माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सगळं आयुष्य ट्रकखाली गेलेलं. इंजिन खोलताना ते गाणं म्हणत, पण ब्रेकला हात घालताना बोलतही नसत. लोखंडी भाग डिझेलच्या परातीत. रबरी वॉशर मात्र फक्त ब्रेक ऑइलनं पुसायचे. मला त्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं, "रबराला डिझेल लागलं की फुगतंय, मऊ पडतंय. आज चालंल, उद्या चालंल, परवा पेडल पायाखालून जाईल."

खंडेनवमीला ब्रेक खोललेलेच होते. मिस्त्रींनी पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. "आता आज हत्याराला हात न्हाई. उद्या पूजा उचलली की तासाभरात बसवतो," म्हणाले आणि घरी गेले. दसऱ्याला जीप घेऊन बन्नी, म्हणजे शमीची पानं, आणायला जाणार, असं मी गावभर सांगून बसलो होतो. मला धीर धरवेना. हत्याराला हात लावायचा नाही, पण धुवायला हत्यार कुठं लागतं? अंगण झाडल्याची धूळ कागदावरच्या वॉशरांवर बसली होती. लोखंड भिजत घातलेल्या परातीतच मी ते चोळून धुतले, कोरडे पुसले आणि होते तसे मांडून ठेवले. मिस्त्रींचं काम हलकं केलं, असंच वाटलं. त्यांनी सांगितलेलं त्या घटकेला आठवलं नाही. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

दसरा झोकात झाला. आठ दिवसांनी पठाराचा उतार उतरताना पेडल फळीला टेकलं. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला, तरी जीप पुलाच्या कठड्यावर गेली. शेजारी माझे मित्र होते, डाळीचे व्यापारी. त्यांच्याकडे जुना लष्करी ट्रक आहे. त्यांच्या गळपट्टीचं हाड मोडलं.

जीप बीदरमधल्या दुसऱ्या एका फिटरनं खोलली. फुगलेला वॉशर बोटावर नाचवत तो म्हणाला, "हे डिझेलात धुतलंय. कोन येडा हुता?"

गळ्यात हात अडकवलेले मित्र म्हणाले, "मिस्त्री म्हातारा झाला की."

परात मला तेव्हा आठवली. मी तिथंच उभा होतो. बोललो नाही.

बातमी कळताच मिस्त्री आले. वॉशर दाबून पाहिला. "मी धुतलो न्हाई डिझेलात," म्हणाले. मग थोड्या वेळानं, हळू, "का धुतलो, काय म्हाईत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपकडे पाहत राहिलो.

त्यांच्याकडे गाड्या येईनाशा झाल्या. ते आपल्या गावी मन्नाएखेळ्ळीला गेले आणि हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान टाकलं. तिथून जाताना मी कधी थांबलो नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र नेमकी तिथंच कार पंक्चर झाली. मिस्त्रींनी चहा मागवला, तब्येत विचारली. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आला.

"अप्पा, ट्रॅक्टरचे ब्रेक बघता का जरा?"

"ब्रेकचं काम सोडलो मी."

"कामून?"

"हात गेला माझा. एकदा रबराला डिझेल कवा लागलं, मला कळलंसुदिक न्हाई. पुन्हा कुनाचं हाड मोडाया नको."

हा मला टोमणा नव्हता. मी समजत होतो, ते आम्हाला शिव्या घालत असतील. ते स्वतःलाच दोष देत बसले होते. तरी त्या दिवशी मी पैसे देऊन निघून आलो. आठ दिवसांनी बसनं परत गेलो आणि सांगितलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"खंडेनवमीला. तुम्ही गेल्यावर."

"कोनत्या परातीत?"

"लोखंड होतं त्याच."

हातातली ट्यूब त्यांनी खाली ठेवली. "म्हंजी मी बसवलो तवा आधीच भिजलेलं हुतं."

"व्हय."

"ब्रेकला आलेला साडूच्या पोराचा टेंपो दारातनं परत पाठवलो, सर. सख्ख्या साडूच्या. नऊ वर्सं मी काय करायलो? हवा भरायलो!"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला कामून सांगायलाव? जितं गप हुबं ऱ्हायलाव, तितं जाऊन सांगा."

पुढच्या रविवारी आमची मंडळी चहाला जमली, तिथं मी सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, जाऊ द्या, जुनी गोष्ट. व्यापारी मित्र मात्र म्हणाले, "हाड माझं कवाच जुळलं, सर. पन त्या मानसाला मी म्हातारा म्हनलो." ते स्वतः ट्रक चालवत मन्नाएखेळ्ळीला गेले. ब्रेक बघा म्हटल्यावर मिस्त्रींनी आधी नाही म्हटलं. मित्र ट्रक तिथंच उभा करून बसनं परत आले. तिसऱ्या दिवशी फोन आला, "न्या गाडी. आन ह्याच्या आधी कोन बसवलं हुतं, त्या गाढवाला घिऊन या."

आता आमच्यातल्या आणखी दोघांच्या गाड्या त्यांच्याकडे जातात. मीही फोन करून विचारलं, जीप आणू का.

"कुनाचीबी आना, सर. तुमच्या जीपला मी हात लावनार न्हाई."

आवाजात राग नव्हता. मी बरं म्हणालो. माझ्या जीपचे ब्रेक बीदरचा तो फिटरच बघतो.