पुणतांब्याचा जोगवा

त्या वर्षी घट बसले तेव्हा मी देवीला काहीच मागितलं नाही. मागून मागून तोंड आंबलं होतं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी आमच्या संस्थेचं सोनईजवळ एक वसतिगृह होतं. दिवाळी झाली की आईबाप कारखान्यांवर जायचे आणि मुली आमच्याकडे राहून शाळा करायच्या. दसऱ्यापर्यंत पुरेसं धान्य जमलं नाही तर यंदा वसतिगृह उघडायचं नाही, असं मंडळाने ठरवलं होतं. म्हणजे मुली उसाच्या फडावर जाणार, धाकटी भावंडं सांभाळणार आणि त्यांची शाळा सुटणार ती सुटणारच. धान्य गोळा करायचं काम माझ्याकडे होतं.

राहाता झालं, आजूबाजूची गावं झाली, पण हाती फारसं काही लागलं नाही. मी मागायचे तरी कशी? दारात उभं राहून आधी माफी मागायची, मग संस्थेच्या अडचणींचा पाढा वाचायचा. माझं रडगाणं ऐकता ऐकता समोरच्या बाईचाही चेहरा उतरायचा आणि सुपातलं धान्य ओंजळीवर यायचं. नवरात्रातल्या शुक्रवारी पुणतांब्याला उतरले तेव्हा उपासाने डोकं ठणकत होतं, पाय सुजले होते. देवीच्या देवळाच्या पायरीवर बसले आणि मनात म्हटलं, आई, आता माझ्याच्याने होत नाही. लेकी तुझ्या आहेत, तूच बघ. त्यात भक्ती कमी आणि वैताग जास्त होता, हे देवीलाही कळलं असेल.

तेवढ्यात देवळातून एक बाई बाहेर आल्या. अंगावर भारी नऊवारी, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. माझी पिशवी बघून म्हणाल्या, "काय मागताय बाई?"

मी नेहमीचा पाढा सुरू केला. त्यांनी मधेच थांबवलं. "आवं, पन आसं तोंड पाडून का? आपन काय चोरी करतोय व्हय? माझ्या घरी बागायत हाय, तरी आज पाच घरं मागूनच खायाचं. चला माझ्यासंगं."

नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून गेले. पहिल्याच दारात त्यांनी खणखणीत आवाज दिला, "आईचा जोगवा वाढा, माय!" घरातली सून हसतच बाहेर आली. त्यांना हळदकुंकू लावलं, परडीत बाजरी घातली आणि माझ्याकडे वळली. "आन तुमचा वो?"

"माझ्या लेकींचा," मी म्हणाले. असं मी कधी म्हटलं नव्हतं. माफी नाही, अडचण नाही. मग मुली रात्री एका ओळीत बसून पाढे कसे म्हणतात, ते सांगत सुटले. माझं मलाच नवल वाटत होतं. सून आत गेली ती पायलीभर बाजरी घेऊन आली आणि शेजारणीलाही हाक मारली.

पाच घरं झाल्यावर बाईंनी आपल्या परडीतलं सगळं धान्य माझ्या पिशवीत ओतलं. मी घाबरले. "अहो, मग तुम्ही काय खाल?"

"पुन्यांदा मागंन की! तिच्या नावानं मागायचं, त्यात लाज कसली?" असं म्हणून त्या हसत पुढच्या गल्लीत वळल्या. त्या कोण, हे मी कुणाला विचारलं नाही.

पायांची सूज त्याने उतरली नाही. पण दसऱ्यापर्यंत मी तशीच न लाजता मागत हिंडले आणि पुरेसं धान्य टेम्पोने सोनईला गेलं. इतकी वर्षं हे ओझं एकटीचं समजून वाहत होते. मागणारी देवी होती, मी नुसता पदर धरायचा होता. हे कळलं तेव्हा मी एका अनोळखी ओसरीवर बसून रडले. आई, तुझे उपकार कसे फेडू?

दिवाळीनंतर कारखान्याच्या गाड्या आल्या. मुलींच्या आया भांडीकुंडी घेऊन वर चढल्या. मुली वसतिगृहाच्या फाटकाशी उभ्या राहून हात हलवत होत्या. सगळ्या खालीच होत्या.