एक्केचाळीस नंबरच्या फाटकावरची ऑर्तांस

ऑर्तांसने आयुष्याची सत्तावीस वर्षं मोटारी अडवण्यात घालवली.

व्हेर्नेझोल गावाच्या खाली, जिथे डांबरी रस्ता रूळ ओलांडतो, तिथे एक्केचाळीस नंबरचं फाटक होतं आणि फाटकाला लागून दोन खोल्यांचं घर. दिवसाला आठ गाड्या जायच्या. गाडी यायच्या आधी पाच मिनिटं ऑर्तांस हातातलं काम टाकून बाहेर यायची, हाताला कणीक लागलेली असली तरी तशीच, आणि चाक फिरवून दोन्ही दांडे खाली आणायची. दुधाची गाडी थांबायची, डॉक्टर थांबायचा. एकदा खुद्द बिशप थांबले आणि काच खाली करून म्हणाले, "बाई, मला उशीर होतोय." ऑर्तांस म्हणाली, "देवाला थांबता येतं, महाराज. आगगाडीला नाही." हे आमच्या डोंगरात अजून सांगतात.

गाडी गेली की ती दांडे वर करायची, डावीकडे कान द्यायची, मग उजवीकडे, आणि मगच एक शब्द बोलायची: "जा." दांडे वर गेलेले दिसत असले तरी तो शब्द कानावर पडेपर्यंत कोणी गाडी हलवत नसे.

तिचा नवरा मार्सलें रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत होता. सेहेचाळिसाव्या वर्षी गवत कापता कापता तो बसला आणि उठलाच नाही. ऑर्तांसने त्याच्यासाठी दफनभूमीत वरच्या भिंतीलगतची जागा मागून घेतली, कारण तिथून रूळ दिसतात. आमच्याकडे मेलेल्या माणसाला जमीन कायमची मिळत नाही, मुदतीने मिळते. कारकुनाने विचारलं, किती वर्षं? ती म्हणाली, तीस. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. तीस वर्षं म्हणजे तिला डोंगराच्या पलीकडचं काहीतरी वाटलं होतं, जिथे आपल्याला जायचं नाही असं काहीतरी.

पुढे फाटक यंत्रावर गेलं. तरी ती त्या घरात भाडं भरून राहिली. नऊ वर्षांपूर्वी गुडघे गेले, तेव्हा मुलगी येऊन तिला तुलूझला घेऊन गेली. ऑर्तांस गेली ती आगगाडीनेच, आणि तिच्याच फाटकावरून गेली. त्यानंतर दर वर्षी सर्व संतांच्या दिवसाआधी, म्हणजे एक नोव्हेंबरला सगळे आपापल्या थडग्यांवर फुलं नेतात त्याआधी, तिची मैत्रीण इर्मा मार्सलेंचा दगड धुवायची आणि तिच्या वतीने शेवंतीची कुंडी ठेवायची. नाताळात इर्माचं पत्र यायचं. दगड स्वच्छ आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, गाड्या वेळेवर आहेत.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटी ऑर्तांस चार दिवसांसाठी ऑरिलाकला आली होती. तिची धाकटी बहीण ल्युसेत तिथे राहते. ल्युसेतचा मुलगा गाएतां पाववाला आहे आणि त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना इर्माचा फोन आला.

"ऑर्तांस, मार्सलेंच्या डोक्याशी पाटी आहे."

"कसली पाटी?"

"मला वाटलं माळ्याची असेल. तुला ठाऊक आहे माझ्या डोळ्यांचं. दोन वर्षं मी तिला छत्री अडकवत होते. आज सून बरोबर आली, तिने वाचली. मुदत संपलीय म्हणे. वर दोन वर्षांची सवलत असते, तीसुद्धा या महिनाअखेर संपते. मालकाने कचेरीत येऊन सही केली नाही, तर…"

"तर काय?"

"तर त्याला काढतात, गं. सगळ्यांची हाडं एकत्र ठेवतात, त्या खड्ड्यात टाकतात."

ऑर्तांसने फोन खाली ठेवला. समोर चीज घातलेले बटाटे निवत होते. तिने काटा उचलला, परत ठेवला आणि म्हणाली, "मार्सलेंला काढणार आहेत." मुलं साखरेचे बदाम मोजत होती, तीसुद्धा मोजायची थांबली.

गाएतांने हिशेब मांडला. व्हेर्नेझोलची कचेरी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी उघडते, सकाळी नऊ ते बारा. या शुक्रवारी सर्व संतांची सुट्टी. "म्हणजे परवाचा मंगळवार, मावशी. बाराच्या आत."

"भाड्याची मोटार घेऊ," ल्युसेत म्हणाली. "स्टेशनसमोरच मिळते. मी चालवते. तासाभराचा तर रस्ता."

"आगगाडीने जायचं," ऑर्तांस म्हणाली.

टेबलावरच्या सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं. ऑर्तांसला ते दिसलं, पण तिने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला.

"ल्युसेत, मागच्या वेळी तू चालवलीस तेव्हा लोकांच्या कोबीत घातलीस."

"एकच गड्डा होता. आणि तोच रस्त्यावर आला होता."

"सत्तावीस वर्षं मी मोटारवाल्यांची तोंडं पाहिलीत. घाई सगळ्यांना, आणि सगळे उभे माझ्या दांड्यापाशी. माझ्या नवऱ्याचा प्रश्न आहे. मी भाड्याच्या डब्याच्या भरवशावर जाणार नाही."

ल्युसेतने तोंड उघडलं. गाएतांने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला, आणि म्हणाला, "तिकीट मी आणतो, मावशी."

सोमवारी त्याने तिकिटं आणली. सुटण्याची वेळ आठ पन्नास, पोचण्याची अकरा पस्तीस. ऑर्तांसने चष्मा लावून दोनदा वाचलं. "आमच्या वेळी सव्वा तास लागायचा."

"आता थांबे वाढलेत," गाएतां म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो भट्टीवरून आला होता, म्हणून तिला काही वाटलं नाही.

मंगळवारी ती काळा कोट घालून निघाली. एका हातात दगड घासायचा नवा ब्रश, दुसऱ्या हातात पिवळ्या शेवंतीची कुंडी. स्टेशनात तिने दोन्ही तिकिटं यंत्रात घालून ठसा उमटवून घेतला आणि फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. शेवटचा डबा तिथे लागतो. ल्युसेत मागे, चार पावलांवर. फलाटावर दुसरं कोणी नव्हतं. कबुतरं रुळांमध्ये दाणे टिपत होती. घड्याळ आठ सत्तेचाळीस दाखवत होतं आणि डोंगराकडून काहीच आवाज येत नव्हता.

रेल्वेची टोपी घातलेला एक माणूस चालत आला. "मादाम, कुठे जायचंय?"

"व्हेर्नेझोल."

"मग मागच्या आवारात जा. बस लागलीय."

"मी बसने जात नाही. माझं तिकीट रेल्वेचं आहे."

"बसही रेल्वेचीच आहे, मादाम. फक्त चाकं रबराची."

"आज काय आहे? संप?"

तो हसला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. "आजचं नाही हे. त्या मार्गावर गाडी धावून आठ वर्षं झाली."

ऑर्तांसने खाली पाहिलं. रूळ वरून तपकिरी होते. ज्या रुळावरून गाडी जाते त्याचा माथा आरशासारखा चकाकतो, हे फाटकवालीला शिकवावं लागत नाही. दहा मिनिटं ती त्या गंजाकडे पाहत उभी होती आणि तिला गंज दिसला नव्हता.

ती बाकावर बसली. कुंडी मांडीवर घेतली.

"तुला माहीत होतं," ती ल्युसेतला म्हणाली.

"सगळ्यांना माहीत होतं, ऑर्तांस."

"गाएतांला?"

"त्यालाही. तुझ्या मुलीलाही."

"इर्मा दर नाताळात लिहायची, गाड्या वेळेवर आहेत म्हणून."

"मग दुसरं काय लिहिणार होती ती तुला?"

मागे बसने भोंगा दिला. बस नदीकाठच्या थांब्यावर अकरा पस्तीसला पोचणार. तिथून गाव दोन किलोमीटर, सगळा चढ. ऑर्तांसच्या गुडघ्यांना तासाचं काम. आणि बाराच्या ठोक्यानंतर आमच्या मुलखात कुठलाही दरवाजा उघडा राहत नाही. घरी जेवणाचं सूप वाट पाहत असतं.

"समोर मोटार उभी आहे," ल्युसेत हळूच म्हणाली. "काल सांगून ठेवलीय. तू ब्रश आणायला गेली होतीस तेव्हा."

ऑर्तांस तिच्याकडे पाहत राहिली. रागवायला आत काहीतरी जागेवर असावं लागतं. तिच्या आत तेव्हा काहीच जागेवर नव्हतं. बस दुसऱ्यांदा भोंगा देऊन निघून गेली.

"कोबी सांभाळ," ऑर्तांस म्हणाली आणि उठली.

दुकान साडेनऊला उघडलं. तिथल्या मुलीने मोटारीभोवती तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक ओरखडा कागदावर काढला, ल्युसेतच्या परवान्यावरचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो पाहून म्हणाली, "ह्या तुम्हीच का?" ल्युसेत म्हणाली, "होते." निघेपर्यंत दहा वाजले. घाटात धुकं उतरलं होतं. पुढे चाऱ्याचा ट्रॅक्टर लागला, आणि ल्युसेतला ओलांडायचं धाडस होईना. कुंडी छातीशी धरून ऑर्तांस समोरच्या पांढऱ्यात पाहत होती, जणू त्यात काही लिहिलेलं आहे. धुकं विरलं तेव्हा खाली ओळखीचं वळण आलं.

"थांब," ती म्हणाली.

"ऑर्तांस, बाराला वीस कमी आहेत."

"फाटक आहे. थांब."

दांडे नव्हते. चाक नव्हतं. घराच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या होत्या, आणि भिंतीवर एक्केचाळीसचा आकडा तेवढा शाबूत होता. ऑर्तांस खाली उतरली. डावीकडे कान दिला, उजवीकडे दिला. मग तिने रुळांकडे पाहिलं. दोन रुळांच्या बरोबर मध्ये भूर्जाचं झाड उभं होतं. तिच्या मनगटाएवढं जाड, पानं पिवळीधम्मक. तिने बुंध्याला हात लावला. डोंगरातल्या माणसाला झाडाचं वय बोटांना कळतं. सात हिवाळे, कदाचित आठ.

दाराशेजारी तिची पत्रपेटी अजून होती, झाकण गेलेली. आत कागदांचा ओला लगदा झाला होता. तिने दोन बोटांनी एक पाकीट ओढलं. नाव पुसलं होतं, कोपऱ्यातला गावकचेरीचा शिक्का तेवढा उरला होता. खाली तसंच आणखी एक होतं. त्याखाली आणखी एक.

तिला कळवलं नव्हतं असं नव्हतंच. दोन वर्षं ते तिला इथे कळवत होते. नवा पत्ता तिने गावात कुणालाच दिला नव्हता, एका इर्माशिवाय. फाटक सोडलंय असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिच्या मनात ती तुलूझला चार दिवस राहायला गेली होती, आणि मागे आठही गाड्या वेळेवर होत्या.

"बाराला दहा," ल्युसेत मोटारीतून म्हणाली. आवाज रडका झाला होता.

कचेरीत तरुण कारकून बाई अंगावर कोट चढवत होती. "आता शुक्रवारी… नाही, शुक्रवारी सुट्टी आहे. पुढच्या मंगळवारी या."

"बारा वाजलेले नाहीत," ऑर्तांस म्हणाली.

बाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग दारात ब्रश घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीकडे, आणि कोटासकट खाली बसली. फाईल काढली. "आम्ही तीन पत्रं पाठवली, मादाम."

"मिळाली," ऑर्तांस म्हणाली. "आत्ताच."

"किती वर्षं? पंधरा, तीस, पन्नास."

"तीस."

"मादाम, तुमचं वय शहात्तर…"

"माझं वय मला माहीत आहे, पोरी. मीही तिथेच येणार आहे. आम्हा दोघांच्या डोक्याशी कुणी छत्री अडकवायला नको."

बाईने लिहिलं. "पत्ता?"

"एक्केचाळीस नंबर…" ऑर्तांस म्हणाली, आणि थांबली. लेखणी कागदावर वाट पाहत होती. बाहेर चर्चच्या घंटेआधीची घरघर सुरू झाली. ऑर्तांसने तुलूझच्या गल्लीचं नाव सांगितलं, घराचा नंबर सांगितला, चौथा मजला, मुलीचं नाव. हे सगळं ती असं बोलली, जसं दुसऱ्याच्या वतीने सांगावं. पहिला ठोका पडला तेव्हा ती सही करत होती.

दगड तिने स्वतः घासला. ल्युसेतने पाणी आणलं. ती पाटी ल्युसेतने दोन्ही हातांनी उपटली आणि कुठे ठेवावी ते न कळून काखेत धरून उभी राहिली. शेवंती जागेवर बसली. वरच्या भिंतीवरून ऑर्तांसने खाली पाहिलं. रूळ झुडपांत बुडाले होते, पण फाटक कुठे होतं ते कळत होतं. त्या जागी एक पिवळा ठिपका होता.

"तुला दिसत होतं हे सगळं," ती दगडाला म्हणाली. "आणि तूही बोलला नाहीस."

परतताना उतारावर ल्युसेतने वेग कमी केला. फाटक आलं. तिने आपण होऊन मोटार थांबवली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बहिणीकडे पाहिलं. मागे इर्माच्या गल्लीतला कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन येत होता, तोही थांबला.

ऑर्तांस उतरली नाही. तिने काच खाली केली. डावीकडून वारा येत होता, उजवीकडे भूर्जाची पानं खडखडत होती. तिने पुरेसा वेळ ऐकलं.

"जा," ती म्हणाली.