पादुकांचं खोकं

हे गेल्यापासून माझं आणि दत्तमहाराजांचं जरा बिनसलंच होतं, खरं सांगते. पूजा चालू होती, पण अबोला धरलेल्या माणसाला ताट वाढावं तशी. ह्यांनी उभा जन्म कोल्हापूर ते कोकण ट्रक चालवला, आणि स्टिअरिंगच्या पुढच्या फळीवर दगडाच्या दत्तपादुका ठेवल्या होत्या, वीतभर लांबीच्या. हे गेले, मुलाने मला जर्मनीत र्युसेल्सहाइमला आणलं, तेव्हा त्या पादुका मी साड्यांत गुंडाळून बरोबर आणल्या. पण इथे आल्यावर सारखं वाटायचं की नुसता दगड आणलाय आपण, महाराज राहिले तिकडेच. अशात ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळींचा फोन आला, यंदा दत्तजयंतीला तुमच्या पादुका पाळण्याखाली ठेवू या का. हो म्हटलं. आणि मनाशी ठरवून टाकलं, सूर्यास्ताला, जन्माच्या वेळेला पादुका पोचल्या तर महाराज इथे आलेत असं समजेन. नाहीतर त्या कपाटात जातील, पुन्हा बाहेर काढणार नाही. देवाला अशा अटी घालायच्या नसतात हे मला कळतं. तरी घातली.

मुलगा, अनि माझा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनाचंच काम करतो, आणि बापासारखी हौस म्हणून त्याने एक जुना डिझेल ट्रक घेतलाय. मंडळाची मोठी पातेली, सतरंज्या आणि पाळणा मागे भरला. पादुका एका जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, चारी बाजूंनी कापूस लावून, माझ्या पायांशी. साडेदहाला निघालो, कारण डिसेंबरात इथे साडेचारलाच दिवस संपतो. तास झाला, सव्वा तास झाला, इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. हीटरमधून गार वारा. चढ लागला तसा ट्रक कण्हायला लागला, आणि आमच्याच श्वासाने काच आतून गोठायला लागली. मी शालीच्या टोकाने पुसायची, ती पुन्हा गोठायची.

"अनि, गाडी तापली म्हणून थांबलेली पुष्कळ पाहिली मी. गार पडली म्हणून थांबणारी ही पहिलीच."

"अगं आई, टोमणे नंतर. आधी काच पूस, मला समोरचं काही दिसत नाहीये."

शेवटी हायवेच्या कडेला ट्रक उभे करायची जागा दिसली तिथे त्याने थांबवलाच. बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहिला. मी आत बसून जन्मभर म्हणत आले तेच म्हणत होते, महाराज, वाट मोकळी करा. घड्याळाकडेही बघत होते, एक वाजून गेला, दोन वाजत आले.

शेजारच्या ट्रकमधून एक म्हातारा ड्रायव्हर उतरला. निळी कानटोपी, हातात कॉफीचा कप. त्याच्या सीटवर एक कुत्रा बसून माझ्याकडे एकटक बघत होता. एकच होता. चार असते तर मी तिथेच बर्फात दंडवत घातला असता. म्हाताऱ्याने अनिला एकच शब्द विचारला, "थर्मोस्टाट?" तो शब्द मलाही कळला. आमच्या ह्यांच्या तोंडी असायचा. आणि अनिचा चेहरा उतरलेला बघून पुढचंही कळलं.

उन्हाळ्यात डोंगरात ट्रक तापला होता, तेव्हा अनिने ती थर्मोस्टाट, म्हणजे इंजिनाचं पाणी अडवणारी झडप, काढूनच टाकली होती. बाबा तेच करायचे ना. घाटात इंजिन उकळू नये म्हणून आपल्याकडे सगळे मेस्त्री तेच करतात, काढून टाक, पाणी मोकळं फिरू दे. इथल्या थंडीत पाणी मोकळं फिरत राहिलं आणि तापलंच नाही. एवढा शिकलेला इंजिनिअर, पण हात बापाचा.

म्हातारा हसला नाही. माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "हाबेन झी पापे?" हाबेन म्हणजे आहे का, एवढं जर्मन मला येतं. हा परका माणूस मला पापं आहेत का विचारतोय. मी म्हटलं, "या, या. फिल." आहेत हो, पुष्कळ.

अनि एवढ्या काळजीतही हसला. "आई, पापे म्हणजे पुठ्ठा. रेडिएटरसमोर लावायचाय, गार वारा अडवायला."

पुठ्ठा एकच होता. मी पादुका शालीत घेऊन मांडीवर ठेवल्या आणि खोकं दिलं. म्हाताऱ्याने ते उलगडलं, एका बाजूने हातभर कापलं, जाळीमागे तारेने घट्ट बांधलं. प्रसादासाठी केलेला सुंठवडा द्यायला मी डबा शोधून वर पाहते, तर त्याचा ट्रक रस्त्याला लागलेला. मी ह्याला चमत्कार म्हणत नाही. ड्रायव्हर लोकांना वेळा पाळाव्या लागतात, मी एकाशी संसार केलाय.

थोड्या वेळाने काटा हलला. पायांशी ऊब आली, काच साफ झाली. मांडीवरचे दगड गरम लागले, हीटरमुळे, मला माहीत आहे. तरी मी हात काढला नाही. पोचलो तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता, उजेड आहे म्हणण्याइतका होता. पाळणा बांधायला अनि स्वतः चढला.

पुढच्या आठवड्यात त्याने नवी झडप आणली आणि बसवण्याआधी माझ्या चहाच्या पातेल्यात तपासली. पाणी गार, तोवर झडप घट्ट मिटलेली. तापत गेलं तशी हळूहळू उघडली. "बघ आई, आधी अडवते म्हणून इंजिन टिकतं," तो म्हणाला. मी गॅसपाशी उभी राहून बघत राहिले. हे गेले तेव्हापासून जे जे अडलं होतं, त्या सगळ्यावर रुसून बसले होते मी. अडवणारेही महाराजच असतील हे कधी मनात आलं नव्हतं.

त्या कानटोपीवाल्याचं नाव विचारायचं राहिलं. रोज दिवा लावताना त्याला आणि त्याच्या कुत्र्याला नमस्कार करते. आणि वाट मोकळी करा असं आता म्हणत नाही. झडप तुमच्याकडेच राहू दे, एवढंच म्हणते.