एल्डर जेन्सनचा निर्जळी उपास

आमच्या कार्डिफच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा एल्डर जेन्सन अवघा एकोणीस वर्षांचा होता. एल्डर म्हणजे वडीलधारा. धड मिसरूड न फुटलेल्या पोराला ही पदवी कुणी दिली, म्हणून मला हसूच आलं. पांढरा शर्ट, छातीवर नावाची काळी पाटी आणि शेजारी तसाच दुसरा, एल्डर व्हायटिंग. दोन वर्षं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करायला अमेरिकेहून आलेली जोडी. मी चहा विचारला, तर म्हणे आमच्यात चहा चालत नाही. घरी आलेल्या माणसाने चहाला नाही म्हणावं, हे मला चांगलंच झोंबलं.

धर्माचा विषय मी त्याच दिवशी मिटवला. आमच्याकडे देव पुरेसे आहेत, म्हटलं, नव्याची गरज नाही. तरी पोरं येत राहिली, ती माझ्या पोह्यांसाठी. साडेसहाला उठायचं, वाचन करायचं, मग सायकली काढून दिवसभर लोकांची दारं वाजवायची. बहुतेक दारं तोंडावर बंद होत. सोमवारी कपडे धुवायचे आणि घरी पत्र लिहायचं. फोन मात्र वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. आणखी एक नियम म्हणजे घरात पुरुष नसेल तर आत पाऊल टाकायचं नाही. आमचे हे, जयंत, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. ते पाचला येईपर्यंत दोघं पावसात ताटकळत. जसं काही मी त्यांना खाणारच होते. शेवटी मी गॅरेजचं दार सताड उघडून आत दोन खुर्च्या टाकल्या. गॅरेज म्हणजे घर नव्हे, असं त्यांनी आपसांत ठरवलं.

एकदा मी जेन्सनला विचारलं, आई तुला काय म्हणते? तो म्हणाला, लाइल. तेव्हापासून मीही लाइलच म्हणू लागले. या देशात त्याला त्या नावाने हाक मारणारी मी एकटीच.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात एका बुधवारी दोघं दुपारीच आले. लाइलचा चेहरा पांढराफटक पडला होता. आदल्या संध्याकाळी घरचं पत्र मिळालं होतं. आईच्या पोटात गाठ आहे, बुधवारी सकाळी सातला ऑपरेशन. म्हणजे इथे कार्डिफला दुपारी दोनला. पत्र वाचल्यापासून दोघांनी तिच्यासाठी उपास धरला होता.

उपास म्हटल्यावर मी लगेच कामाला लागले. भिजवलेला साबुदाणा घरात होताच. दाण्याचं कूट, जिरं, मिरची घालून खिचडी केली आणि दोन बशा गॅरेजमध्ये नेल्या. लाइलने मान हलवली. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, अरे, हे उपासाला चालतं. तो म्हणाला, त्यांच्या उपासाला काहीच चालत नाही, पाणीसुद्धा नाही. म्हणजे निर्जळी. आणि असं उपाशीपोटी ही पोरं सकाळपासून सायकली हाणत होती.

मला राग आला आणि भीतीही वाटली. फोन का करत नाहीस, विचारलं. नियम आहे, म्हणाला. तुमच्या प्रचारकांच्या साहेबांची परवानगी काढ म्हटलं, तर ते दौऱ्यावर. आणि मग हळूच म्हणाला, "फोन केला आणि तिकडून वाईट ऐकू आलं तर?" माझी आई साताऱ्यात वारली ते मला इथे नऊ दिवसांनी कळलं होतं. त्या नऊ दिवसांत मी दोनदा सिनेमाला गेले होते. त्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

त्या दिवशी नेमकी साडेपाचला ह्यांची गाडी आली. कोट काढायच्या आत मी गाठून सगळं सांगितलं आणि पत्रातलं हॉस्पिटलचं नाव पुढे केलं.

"अहो, तुम्हीच रिंग करा त्या हॉस्पिटलला. रूल त्याला आहे, तुम्हाला नाही."

"नंदा, मला कोण सांगणार तिथे?"

"डॉक्टर आहात ना? मग डॉक्टरशी बोला."

हे दाराजवळच्या पॅसेजमध्ये फोनला चिकटले. पोरं आता नियमाने आत येऊ शकत होती. दोघं सोफ्याच्या कडेला बसली. तिकडे हॉस्पिटलात फोन एकाकडून दुसऱ्याकडे दिला जात होता आणि हे प्रत्येकाला नव्याने आपलं नाव सांगत होते. मग एकदम त्यांचा आवाज बदलला, डॉक्टर डॉक्टरशी बोलतात तसा झाला. फोन ठेवून ते आत आले.

"जेन्सन, गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही. आई शुद्धीवर आली आहे."

व्हायटिंग मोठ्याने रडला. मग दोघांनी डोळे मिटून उपास सोडायची प्रार्थना केली आणि गार झालेली खिचडी पातेलं खरवडून संपवली. मी खुर्चीत बसले ती उठेनाच. हे म्हणाले, अगं, तू चहा तरी घेतलास का? तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं.

लाइल उठून स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ भांडी वाजली. जन्मात चहाला न शिवलेल्या त्या पोराने माझ्यासाठी चहा केला आणि दोन्ही हातांनी कप धरून आणला. पाणी उकळलेलं नव्हतं, साखर विसरला होता, दूध निम्मं. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि आणखी अर्धा कप मागितला.